गरवणाऱ्यांचे उन्हातले फोटो काढायचेत? फिल फ्लॅश कसा वापरायचा ते स्टेप बाय स्टेप

मुंबईत गळ टाकून बसलेली माणसं, म्हणजे गरवणारे, कुठेही दिसतात. बँडस्टँडचे खडक, वरळी कोळीवाडा, वर्सोवा, मार्वे, गोराई खाडी, पूर्वेला शिवडी, आणि गोड्या पाण्यात पवई तलाव. त्यांचे फोटो बघा, बहुतेक फोटोंमध्ये एकच गडबड असते. समुद्र छान, आकाश छान, हातातला जिताडा चकाचक, आणि टोपीखाली चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग. ज्याने तीन तास उन्हात उभं राहून मासा काढला तोच फोटोत नाही!

कारण साधं आहे. डोक्यावर ऊन, त्यात टोपीची कड, आणि मागे चमकणारं पाणी. कॅमेरा त्या पाण्याकडे आणि आकाशाकडे बघून फोटो गडद करतो, आणि सावलीतला चेहरा गेलाच म्हणून समजा. त्यावरचा इलाज म्हणजे फिल फ्लॅश, म्हणजे भर उन्हात मारलेला हलका फ्लॅश, जो फक्त सावली भरून काढतो. लोकांना वाटतं फ्लॅश रात्रीसाठी असतो, पण मला विचाराल तर पोर्ट्रेटमध्ये फ्लॅशची खरी गरज दुपारी बाराला असते. फक्त एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात ठेवा, चेहरा उजळला पाहिजे पण फ्लॅश मारलाय हे फोटो बघणाऱ्याला कळता कामा नये. खालच्या सगळ्या स्टेप्स त्यासाठीच आहेत.

काय काय लागेल

- मॅन्युअल मोड असलेला कुठलाही कॅमेरा, डीएसएलआर किंवा मिररलेस
- वर लावायचा वेगळा फ्लॅश. कॅमेऱ्यातला पॉपअप चालतो पण फारच जवळून, ते पुढे सांगतो
- जमलं तर वायरलेस ट्रिगर, म्हणजे फ्लॅश हातात धरून मारता येतो. हे सगळं फोर्टात बोरा बाजारमध्ये बघून, हाताळून घेता येतं, ऑनलाइन मागवण्याआधी एक चक्कर माराच
- रिचार्जेबल सेलचे दोन सेट. चारही सेल एकाच कंपनीचे आणि एकाच वेळी चार्ज केलेले हवेत, जुने-नवे मिसळू नका
- मऊ कपडा, एक छोटा टॉवेल, झिपलॉकच्या पिशव्या
- केशरी जेलचा (फ्लॅशवर लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाचा) तुकडा, संध्याकाळसाठी
- पकड असलेले बूट. चप्पल घालून शेवाळलेल्या खडकावर जाऊ नका, अजिबात नाही

आणि परवानगी. चौपाटीवर किंवा खडकांवर हातात कॅमेरा घेऊन कोणी फोटो काढत असेल तर सहसा कोणी अडवत नाही, पण स्टँड, छत्री, लाइट मांडलात की शूटिंग चाललंय असं वाटतं आणि विचारणा होते. ससून डॉक, भाऊचा धक्का हा बंदराचा भाग आहे, तिथे परवानगीशिवाय कॅमेरा बाहेर काढू नका. कुलाब्याकडे नौदलाची हद्द आहे, तिथे तर त्या दिशेला लेन्ससुद्धा नको. पवईला गळ टाकणाऱ्यांची संघटना आहे, महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन, तिथे आत जाऊन फोटो काढायचे असतील तर आधी विचारून जा, ओळखपत्र सोबत ठेवा.

१. आधी भरती-ओहोटी बघा, मग ऊन

फोटोवाले सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ बघून निघतात, गरवणारे भरती बघून निघतात. तुम्हाला त्यांच्या वेळेला जायचंय. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे या रविवारी सकाळी आठला जे लोक दिसले ते पुढच्या रविवारी आठला दिसतीलच असं नाही. टाइड टेबल मोबाइलवर मिळतं, बघून जा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी फार झपाट्याने चढतं, आणि खडकावर तुम्ही मागे सरकत फ्रेम लावत बसलात तर परतीची वाट पाण्याखाली जाते. बँडस्टँडला माणसं वाहून गेलेली आहेत. समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही हा नियम फोटोवाल्यालाही लागू आहे, आणि पावसाळ्यात तर या खडकांवर जायचंच नाही.

२. सूर्य कुठे ठेवायचा ते ठरवा

मुंबईचा एक फायदा आहे, समुद्र पश्चिमेला. सकाळी सूर्य इमारतींच्या मागून वर येतो, म्हणजे माणसामागे समुद्र घेतलात तर ऊन थेट त्याच्या तोंडावर. चेहरा उजळ दिसतो पण डोळे बारीक होतात, कपाळावर आठ्या. संध्याकाळी उलट, समुद्र मागे घेतला की सूर्यही मागे, केसांना आणि खांद्याला सोनेरी कड येते आणि चेहरा पूर्ण सावलीत जातो. फिल फ्लॅशसाठी ही सगळ्यात चांगली वेळ, डोळे आरामात उघडे राहतात. शिवडीला खाडी पूर्वेला आहे म्हणून तिथे हा मामला सकाळी जमतो.

दुपारी मात्र दिशेचा काही उपयोग नाही. मेच्या मध्यात मुंबईत सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि टोपीची सावली हनुवटीपर्यंत. तेव्हा फ्लॅशशिवाय पर्याय नाही.

३. फ्लॅश बंद ठेवून आधी मागचं एक्सपोजर लावा

नवीन लोक इथेच घाई करतात. फ्लॅश लावायचा, ऑटोवर ठेवायचा आणि धडाधड क्लिक. तसं करू नका.

कॅमेरा मॅन्युअलवर टाका. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १००, आणि ऑटो आयएसओ आठवणीने बंद करा, नाहीतर बऱ्याच कॅमेऱ्यांमध्ये फ्लॅश चालू झाला की आयएसओ आपोआप वर जातो. शटर १/२०० सेकंद ठेवा. हा आकडा उगाच नाही, फ्लॅशबरोबर कॅमेऱ्याचा शटर एका मर्यादेपर्यंतच चालतो, त्याला सिंक स्पीड म्हणतात, काही कॅमेऱ्यांत १/१६०, बहुतेकांत १/२०० किंवा १/२५०. त्याच्या वर गेलात तर फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येतो. आता कडक ऊन असेल तर आयएसओ १००, १/२०० ला अपर्चर (लेन्सचं उघडं भोक, एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान) एफ ११ च्या आसपास येईल. एक फोटो काढा, आकाशात निळा रंग राहिलाय का बघा, पाण्यावर फार पांढरं झालं असेल तर एफ १३ करा. चेहरा काळा येईल, येऊ द्या. त्याची सोय पुढे आहे.

मिररलेसवाल्यांनी सायलेंट शटर बंद करा, बहुतेक मॉडेल्समध्ये तो चालू असला की फ्लॅश पेटतच नाही आणि माणूस उगाच ट्रिगर खराब झाला म्हणून डोकं धरून बसतो.

आणि अपर्चर प्रायोरिटीवर एफ ४ ठेवून उन्हात फ्लॅश ऑन केलात तर कॅमेरा सिंक स्पीडच्या वर जात नाही, मग मागचं सगळं पांढरंफट्ट. पहिल्यांदा फिल फ्लॅश मारणाऱ्यांचे फोटो बिघडतात ते जास्त करून यामुळे.

४. आता फ्लॅश ऑन करा, १/८ पासून सुरुवात

हे एक वाक्य पाठ करा. शटरने मागचा उजेड कमी-जास्त होतो, फ्लॅशचा नाही. फ्लॅशचा उजेड चेहऱ्यावर किती पडणार ते पॉवर, अंतर, अपर्चर आणि आयएसओवर ठरतं. हे नीट कळलं की बाकी सगळं सोपं.

फ्लॅश मॅन्युअलवर, झूम (फ्लॅशचा झोत किती पसरतो ते) ३५ वर, पॉवर १/८ म्हणजे पूर्ण ताकदीचा आठवा भाग, माणूस तुमच्यापासून दोन मीटरवर. साधारण मोठ्या फ्लॅशचा गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, मीटरमधल्या अंतराने भागला की एफचा आकडा मिळतो) ३५ च्या झूमला ३६ च्या आसपास धरा. १/८ पॉवरला तो पावणेतेराच्या जवळ येतो, त्याला दोन मीटरने भागलं की एफ ६.४, आणि तुम्ही आहात एफ ११ वर, म्हणजे फ्लॅश उन्हापेक्षा दीड स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आपल्याला हेच हवंय. फिल फ्लॅश उन्हाच्या बरोबरीने मारायचाच नाही, एक ते दोन स्टॉप खाली ठेवायचा. बरोबरीने मारलात की माणूस कापून पोस्टरवर चिकटवल्यासारखा दिसतो. सूर्य पूर्ण मागे असेल आणि चेहऱ्यावर काहीच उजेड नसेल तर मात्र एक स्टॉप किंवा त्याहून थोडा जास्त द्यावा लागतो, तेव्हा १/४ वर जा.

पॉपअप फ्लॅशचं गणितही करून टाकू. त्याचा गाइड नंबर १२ च्या आसपास, एफ ११ ला तो फुल पॉवरवर जेमतेम एक मीटर पोचतो. फिल म्हणून दीड स्टॉप कमी चालतो, म्हणून पावणेदोन मीटरपर्यंत ओढता येतो, त्यापुढे गेलात तर पेटला काय आणि नाही काय सारखंच. पॉपअप वापरताना लेन्सवरचं हूड काढा, नाहीतर फोटोच्या खालच्या बाजूला गोल सावली येते.

टीटीएल, म्हणजे फ्लॅशची पॉवर कॅमेराच ठरवतो तो मोड, वापरायचं का? माणूस एका जागी उभा असेल तर मॅन्युअलच बरं, अंतर बदलत नाही म्हणजे उजेडही बदलत नाही. मासा लागलाय, रॉड वाकलाय, माणूस खडकावर इकडून तिकडे पळतोय, तेव्हा टीटीएल लावा आणि फ्लॅश कॉम्पेन्सेशन (फ्लॅशचा उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) उणे दीडला ठेवा. फक्त चंदेरी मासा किंवा पांढरी टोपी मध्ये आली की टीटीएल फसतं आणि चेहऱ्याला कमी उजेड देतं, तेवढं लक्षात असू द्या.

५. टोपीचं काय करायचं

टोपी काढायला सांगू नका. उन्हात गरवणाऱ्या माणसाची टोपी त्याच्या चेहऱ्याइतकीच त्याची असते, आणि काढली तर कपाळावर टोपीची रेघ आणि चपटे घामट केस.

फ्लॅशची उंची महत्त्वाची आहे. तुम्ही उभे, फ्लॅश कॅमेऱ्याच्या वर, आणि समोरचा काका आइसबॉक्सवर बसलेला, तर फ्लॅश वरून येतो आणि टोपीची कड फ्लॅशचीही सावली पाडते. म्हणजे ज्या कामासाठी फ्लॅश लावला तेच होत नाही. म्हणून गुडघ्यावर बसा, कॅमेरा त्याच्या हनुवटीच्या पातळीला आणा. ट्रिगर असेल तर फ्लॅश डाव्या हातात धरून थोडा बाजूला आणि डोळ्याच्या पातळीला ठेवा, किंचित खाली चालेल, पण फार खाली नको, नाहीतर भुताच्या गोष्टी सांगताना हनुवटीखाली टॉर्च धरतात तसा चेहरा दिसतो. टोपी थोडी वर सरकवायला सांगणं चालतं, दोन बोटं बस.

बरोबर झालं की डोळ्यात एक छोटा पांढरा ठिपका दिसतो. तो दिसला की फोटोतला माणूस जिवंत वाटतो, म्हणून फोटो काढला की आधी स्क्रीनवर डोळे झूम करून बघा.

६. गॉगल, घाम आणि लाइफ जॅकेटच्या पट्ट्या

गॉगलमध्ये फ्लॅश सरळ दिसतो. गॉगल टोपीवर चढवायला सांगा, किंवा काड्या कानावर थोड्या वर उचलायला सांगा म्हणजे काच किंचित खाली झुकते आणि चमक निघून जाते. घामाने कपाळ, नाक चमकतं, त्यावर फ्लॅश पडला की पांढरे डाग. टॉवेल त्यासाठीच आणलाय, स्वतः पुढे करा, कोणी नाही म्हणत नाही.

बोटीवरचे फोटो असतील तर लाइफ जॅकेटवरच्या चंदेरी पट्ट्या बघून ठेवा. त्या उजेड आला त्याच दिशेला परत फेकतात, कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश मारलात तर ट्यूबलाइटसारख्या पेटतात. फ्लॅश हात लांब करून बाजूला धरला की जवळजवळ सगळा त्रास संपतो. ज्यांना वाटतं ट्रिगरवर पैसे कशाला घालवायचे त्यांनी हा एक फोटो काढून बघावा.

७. मासा हातात असताना

सगळ्यात जास्त फोटो इथे बिघडतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मासा मोठा दिसावा म्हणून प्रत्येक जण तो हात लांब करून कॅमेऱ्याकडे धरतो. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो, अंतर दुप्पट तर उजेड पाव. आता समजा मासा तुमच्यापासून दीड मीटरवर आहे आणि चेहरा दोन मीटर दहा सेंटीमीटरवर, तर माशावर चेहऱ्यापेक्षा जवळजवळ दुप्पट उजेड पडतो, म्हणजे पूर्ण एक स्टॉप. त्यात मासा ओला आणि चंदेरी! रावस असो की बोई, खवले आरशासारखे चमकतात, माशाच्या अंगावर पांढरा पट्टा येतो आणि खवल्यांची नक्षी गायब. तोच सीन दीडच्या ऐवजी तीन मीटरवरून काढा, मासा तीनवर आणि चेहरा तीन मीटर साठवर, फरक अर्ध्या स्टॉपवर येतो. म्हणून मागे सरका, लेन्स थोडी लांब वापरा आणि पॉवर दीड स्टॉप वाढवा. आणि मासा छातीजवळ धरायला सांगा, कोपर वाकवून. दादा, मासा जरा जवळ घ्या, त्याचा रंग नीट येईल असं म्हणा, लगेच घेतात.

माशाची बाजू अगदी सपाट कॅमेऱ्याकडे नको. पाठ किंचित पुढे किंवा मागे कलली की चमक दुसरीकडे जाते. तांबोशीसारख्या लाल माशाला हे जमवलं की रंग असा येतो की संपादनाची गरजच नाही.

मासा परत पाण्यात सोडायचा असेल तर घाई तुम्ही करायची, माशाला ताटकळत ठेवायचं नाही. सगळी सेटिंग आधीच लावून ठेवा, मासा येण्याआधी रिकाम्या हाताने माणसाला उभं करून दोन टेस्ट घ्या, मग मासा ओल्या हातांनी, पोटाखाली आधार देऊन वर काढायचा, दोन-तीन फोटो आणि परत पाण्यात. फ्लॅश चार्ज व्हायला वेळ लागतो म्हणून फुल पॉवरच्या जवळ काम करू नका. १/८, १/४ ला फोटो पटापट निघतात.

आणि फोटोसाठी तुम्ही स्वतः मासा हातात घेणार असाल तर शिंगाळ्याचे काटे विषारी असतात, जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी लागते. गरवणाऱ्यालाच धरू द्या.

८. मागचं धूसर हवं असेल तर

एफ ११ ला मागची सगळी बांद्रा-वरळी सी लिंक खणखणीत येते, कधी हवी असते, कधी नको. एफ २.८ ला जायचं तर शटर १/३२०० लागेल, आणि त्यासाठी फ्लॅशमध्ये हायस्पीड सिंक (सिंक स्पीडच्या वरच्या शटरलाही फ्लॅश चालायची सोय) हवा. तो चालू केला की फ्लॅशची ताकद बरीच घटते, मग माणसाच्या दीड-दोन मीटर जवळ राहावं लागतं आणि सेल लवकर संपतात. दुसरा मार्ग चार स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी गडद काच) लावून १/२०० वरच राहायचं, यात फ्लॅशची ताकद वाया जात नाही, पण काही कॅमेऱ्यांत फोकस अडखळतो. मी एनडीच्या बाजूने आहे. पोलरायझर लावून पाण्याची चमक कमी करत असाल तर तो फ्लॅशचाही उजेड दीड-दोन स्टॉप खातो, पॉवर तेवढी वाढवा.

९. संध्याकाळचं केशरी ऊन

फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा पांढरा असतो. सूर्य खाली आला की सगळं केशरी आणि चेहरा मात्र निळसर पांढरा, फ्लॅश मारलाय हे लांबून ओरडून सांगतो. केशरी जेलचा तुकडा फ्लॅशवर टेपने लावा, हलक्या शेडपासून सुरुवात करा, सूर्य टेकताना थोडी गडद. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांची छटा ठरवणारी सेटिंग) उन्हावर ठेवा, ऑटोवर नको. आणि उजेड पाच-पाच मिनिटाला उतरतो, म्हणून स्टेप ३ परत परत करायची, शटर खाली आणत जायचं. फ्लॅशची पॉवर तीच राहू द्या.

अंधार पडल्यावर गरवणाऱ्यांच्या तोंडावर न विचारता फ्लॅश मारू नका. त्यांचे डोळे अंधाराला सरावलेले असतात, ओल्या खडकावर एक क्षण दिसलं नाही तर पाय जातो.

१०. फ्लॅशच नसेल, फक्त मोबाइल असेल

मोबाइलचा दिवा उन्हात एक-दोन हातांपलीकडे काही करत नाही. पण गरवणाऱ्याकडे बहुतेक वेळा पांढरा आइसबॉक्स असतो, त्याचं झाकण विचारून घ्या, कोणाला तरी खालून चेहऱ्याकडे ऊन परतवायला लावा. थर्माकोलची शीट नको, वाऱ्याने उडून पाण्यात जाते. मग चेहऱ्यावर बोट ठेवून फोकस करा आणि ब्राइटनेस थोडा खाली ओढा.

११. घरी आल्यावर

खाऱ्या हवेत फ्लॅशच्या खालचे धातूचे संपर्क आणि सेलच्या टोकांवर थर बसतो, मग पुढच्या वेळी फ्लॅश मध्येच पेटत नाही. किंचित ओल्या कपड्याने बाहेरून पुसा, मग कोरड्या कपड्याने, सेल काढून ठेवा, आणि एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर दमट हवेत काढायचा असेल तर आधी अर्धा तास झिपलॉकमध्ये बंद राहू द्या, लेन्सवर वाफ धरत नाही.

फोटो त्या माणसाला पाठवायचे हे आधीच ठरवून नंबर घेऊन ठेवा. व्हॉट्सॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून पाठवलात तर दाबून लहान होतो आणि प्रिंट काढायला गेला की चेहरा फुटतो.